हलक्या हाताचं इंग्रजी

आमच्या सरांनी मला इंग्रजीचा एकच शब्द शिकवला. बाकी जे काही इंग्रजी मला येतं ते त्या शब्दाच्या मागून आपोआप आलं, असं सरांचं म्हणणं. आणि सरांच्या म्हणण्याला नाही म्हणायची हिंमत नागपूरच्या अख्ख्या सक्करदऱ्यात फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना होती.

तो शब्द रेन. पावसाचा नव्हे, घोड्याचा. टांगेवाला हातात धरून बसतो ते चामड्याचे दोन लांब पट्टे. आपण मराठीत सगळ्यालाच लगाम म्हणतो. घोड्याच्या तोंडातलं लोखंड लगाम आणि माणसाच्या हातातला पट्टाही लगाम. इंग्रजीत या दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत, याचं सरांना भारी कौतुक होतं. "एका टोकाले घोड्याचं तोंड, दुसऱ्या टोकाले माणसाचा हात. दोघाईचं दुखणं येगळं, तं नाव येगळं नको?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता खडू उचलायचे.

वर्ग भरायचा सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत, संध्याकाळी साडेसहाला. नागपुरात तेव्हा जिकडेतिकडे तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या पाट्या लागल्या होत्या. सरांच्या दारावरची पाटी मात्र अशी होती: 'येथे इंग्रजी सावकाश शिकवले जाते.' ही पाटी वाचून अर्धे लोक परस्पर निघून जात. उरलेले आत येत, आणि पहिले पंधरा दिवस एकाच शब्दावर गेलेले पाहून त्यातलेही अर्धे पळत. जे उरत ते बहुतेक हिंगण्याच्या कारखान्यांतले. आठ तासांची पाळी करून, कंपनीच्या बसमधून उतरून थेट बाकावर येऊन बसणारी माणसं. सावकाशीची त्यांना भीती नव्हती, कारण घाई त्यांना दिवसभर पुरलेली असायची.

मीही त्यांतलीच. पॅकिंग खात्यात खोक्यांवर पट्ट्या आवळायचं काम करत होते. आई म्हणायची, बुद्धविहारात बायकांसमोर तू एवढी धडाधड बोलतेस, कंपनीत साहेब आला की मात्र दातखीळ बसते. ते खरं होतं. म्हणून मी सरांकडे गेले.

पहिल्या दिवशी सरांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून काळपट, मऊ झालेला चामडी पट्ट्यांचा जोड काढला, पट्ट्यांची दोन टोकं माझ्या दोन मुठींत दिली आणि म्हणाले, "मीट डोये. तू घोडं."

मी म्हटलं, "सर, मी इंग्रजी शिकाले आली."

"मंग? इंग्रजी घोड्याले येत नाही का?"

सर माझ्या मागे उभे राहिले, पट्ट्यांची उरलेली टोकं हातात घेऊन. खोलीत बाकं, मधे एक खांब, कोपऱ्यात काकूंचं शिवणयंत्र. मी डोळे मिटून चालायचं आणि मागच्यानं एक शब्दही न बोलता नुसत्या पट्ट्यांनी मला खोलीभर फिरवून आणायचं, हा पहिला धडा. उजवी मूठ किंचित ओढली गेली की उजवीकडे. दोन्ही ओढल्या की थांब. फेरी झाली की सर ठरलेला प्रश्न विचारत, "तोंडाले लागलं का?" पट्टे मुठीत असायचे, तोंडात नव्हे, पण प्रश्न तोच. आपण म्हणायचं, "नाही, सर." लागलं असलं तर तसं सांगायचं, आणि मग हाकणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून.

नियम असा की आधी घोडं व्हायचं, मग टांगेवाला. जो घोडं झाला नाही त्याच्या हातात सर पट्टे देत नसत. या नियमातून फक्त एका माणसाला सूट होती, खुद्द सरांना. ते कायम मागेच उभे. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

फेऱ्या झाल्या की मग शब्दाचे अर्थ सुरू होत. पट्टे ताणून धरले तर इंग्रजीत त्याला टाइट रेन म्हणतात, आणि सासू सुनेला तसं धरते, कंपनी खर्चाला तसं धरते. रेन इन म्हणजे आवरतं घेणं. जीभ आवरावी, राग आवरावा, लग्नात मिरवायची हौस आवरावी. कारभार हाती घेतला तर टेक द रेन्स. आणि शेवटी फ्री रेन. हा सरांचा सगळ्यांत आवडता आणि सगळ्यांत भांडणाचा अर्थ.

आमच्यात विलास म्हणून सावनेरकडचा एक होता. घरी थोडं कापसाचं वावर, स्वतः हिंगण्यात फिटर. तो दुसऱ्या दिवशीच ओरडला, "सर, हा तं कासरा झाला ना! बैलाचा. आमी वेसण घालतो ना त्याले."

सर एवढे खूश झाले की त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितला. मग विलासला विचारलं, "मंग सांग बरं, फ्री रेन म्हणजे काय?"

"कासरा सोडून देल्ला. जा म्हणा बैला तुह्या मनानं."

"चूक." सर खुर्चीतून उठलेच. "सोडून देल्ला तं त्याले मोकाट म्हणतात. मोकाट येगळं अन् फ्री रेन येगळं. फ्री रेनमधी रेन आहे का नाही? हातात आहे! फक्त हात ढिला. घोड्याले मान लंबी करता आली पाहिजे, अन् तरी त्याले समजलं पाहिजे का मांगं कोणी आहे." एवढं बोलून ते दमले आणि चहा विलासच्या आधी स्वतःच पिऊन टाकला.

घरचा अभ्यास म्हणून एकदा त्यांनी सांगितलं, आपापल्या घरात लगाम कोणाच्या हातात आहे ते पाहून या आणि इंग्रजीत चार ओळी लिहा. त्या अभ्यासापायी दोन घरांत भांडणं झाली. एकाच्या बायकोनं वही वाचली होती. मी लिहिलं, आमच्या घरात लगाम आईच्या हातात आहे, पण बाबांना ते अजून माहीत नाही. सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "याले म्हणतात हलका हात. तुह्या मायले माह्या वर्गात शिकवाले पाठव."

असा हा माणूस. सायकलवरून फिरायचे आणि सायकलीला ब्रेक नव्हते. थांबायचं झालं की चप्पल जमिनीवर घासत. काकू चारचौघांत सांगायच्या, "दुनियेले लगाम शिकवते, अन् महिन्याले एक चप्पल खाते." तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी नंदी ओढत बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मागायला दारी येत. सर आधी नंदीच्या गळ्यातली दोरी तपासत. दोरी आवळून बांधलेली दिसली की म्हणत, "आधी ढील दे गा त्याले, मंग बोजारा." पोरं वैतागून दोरी सैल करत आणि नाणं घेऊन पळत. पुढच्या घरी जाताना पुन्हा आवळत, हा भाग वेगळा.

एकदा मी विचारलं, "सर, तुम्ही घोड्यावर बसले कधी?"

"नाही बा. टांगेवाल्याचं पोट्टं. घोड्याच्या मांगं बसून जल्म गेला. वरतं कायले बसतो?"

त्या दिवशी वर्गात कमी जण होते आणि सरांची कळी खुललेली होती. त्यांनी चंद्रीची गोष्ट सांगितली. पुढे कधी पुन्हा सांगितली नाही.

चंद्री म्हणजे त्यांच्या वडिलांची घोडी. पांढरी, कपाळावर तांबूस ठिपका असलेली. वडील स्टेशनवरून सवाऱ्या आणत. सर दहा वर्षांचे असताना एका संध्याकाळी रिकामा टांगा घरी येत होता, तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा लगाम त्यांच्या हातात दिला आणि बाजूला बसून विडी पेटवली. रस्त्यावर गर्दी, मोटारींचे हॉर्न. पोरगं घाबरलं. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं, दोन्ही हातांनी पट्टे ओढून धरले ते सक्करदऱ्यापर्यंत सोडलेच नाहीत. वडिलांना वाटलं, पोरगं बरं चालवतंय, घोडी अगदी शांत आहे. घरी आल्यावर लगाम काढला तेव्हा चंद्रीच्या तोंडातून रक्त आलं. दोन्ही बाजूंनी ओठ फाटले होते.

"बापानं मारलं?" विलासनं विचारलं.

"नाही. मारलं असतं तं बरं झालं असतं. बापानं तो पट्टा घेतला, माह्या दातात देल्ला, म्हणे धर. अन् दुसऱ्या बाजूनं ओढला. जोरात नाही, एवढासाच. मंग ईचारलं, तोंडाले लागलं का? मी म्हटलं, हाव. तो म्हणे, तिले बोलता येत नाही. येवढंच."

चंद्री पुढे किती वर्षं जगली, काय झालं, सरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. भिंतीवरचे पट्टे तिचेच होते. त्यानंतर फेरी झाल्यावर 'तोंडाले लागलं का' हा प्रश्न ऐकला की उत्तर देण्याआधी मी मुठीतले पट्टे एकदा बघायचे.

आता माझ्या पराक्रमाची हकिगत सांगते. कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर नेमायचा होता. हाताखाली बारा माणसं, त्यांतले आठ पुरुष आणि आठही माझ्यापेक्षा वयानं मोठे. मी अर्ज केला. मुलाखत घ्यायला बाहेरून आलेले मॅनेजरसाहेब, नुसत्या इंग्रजीत बोलणारे. पाच-सात सोपे प्रश्न झाले. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, एवढी माणसं तुम्ही कशा सांभाळणार?

मी छातीठोकपणे म्हटलं, "विथ फ्री रेन, सर."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे तुम्ही सगळ्यांना वाटेल तसं वागू देणार? असं काहीतरी त्यांनी विचारलं. मला सांगायचं होतं, नाही हो, मोकाट वेगळं आणि हे वेगळं. पण इंग्रजीत तेवढे शब्द माझ्याकडे नव्हते. आणि मग सरांच्याच विद्यार्थ्याच्या हातून होईल अशी चूक माझ्या हातून झाली. शब्द समजावायचा तो हातानं, याखेरीज दुसरा मार्ग मला ठाऊकच नव्हता. टेबलावर पॅकिंगच्या पट्टीचं नमुन्याचं भेंडोळं पडलं होतं. मी ते उचललं, दोन टोकं साहेबांच्या पुढे धरली आणि म्हणाले, "प्लीज क्लोज आइज, सर. यू आर हॉर्स."

बाजूला कामगार विभागाचे एक अधिकारी बसले होते. त्यांचा चहा बशीत सांडला. साहेब मात्र, का कोण जाणे, उठले, पट्टीची टोकं मुठीत धरली आणि डोळे मिटले. मी त्यांना टेबलाला वळसा घालून, फायलींच्या कपाटाशेजारून, खिडकीपर्यंत नेऊन परत खुर्चीपाशी आणलं. आधी पट्टी आवळून, मग ढील देऊन, कुठेही न ठेचकाळू देता. शेवटी सवयीनं तोंडातून निघून गेलं, "माउथ हर्ट, सर?"

साहेबांनी डोळे उघडले. म्हणाले, "नो." मग खाली बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, पुढच्या सोमवारपासून लाइन तुमची.

ही हकिगत वर्गात सांगितली तेव्हा विलास बाकावरून खाली पडेपर्यंत हसला. काकूंनी पदर तोंडाला लावला. सर हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कपाटाजवळ वळवताना आधी ढील देल्ली होती का, का सीधाच ओढला?"

मी म्हटलं, "देल्ली होती, सर."

"मंग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी फळा पुसायला घेतला. मला वाटतं, आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यांत मोठी शाबासकी.

त्यानंतर मी वर्ग सोडला तो नावापुरता. आठवड्यातून एकदा तरी जायचेच. कधी नव्या पोरींना फेऱ्या घालायला मदत करायची, कधी नुसता काकूंच्या हातचा चिवडा खायला. विलासही तसाच, आठ वर्षं झाली तरी शेवटच्या बाकावरून उठायला तयार नव्हता.

गेल्या वर्षी सरांच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, देवाची कृपा म्हणा. ऑपरेशन झालं. पण आवाज परत आला तो खरखरीत आणि दोन वाक्यांपुरता. तिसऱ्या वाक्याला हवाच बाहेर यायची. डॉक्टरांनी सांगितलं, वर्ग बंद. तेव्हा वर्गात एकतीस जण होते. सरांनी हातातल्या दगडी पाटीवर खडूनं लिहिलं, 'घे', आणि पाटी माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, "सर, मी कशी काय?" तर पाटी पुसून त्यांनी पुन्हा तेच लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.

घेतला वर्ग. पहिल्या दिवशी सर फळ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात चमचा आणि समोर स्टीलचा पेला. माझं काही चुकलं की चमचा पेल्यावर वाजायचा, टण्. मी थांबायचं, सर पाटीवर लिहायचे, मी वाचायचं, मग पुढे. पहिल्या दिवशी चौदा वेळा टण् झालं. मी मोजले. दुसऱ्या दिवशी एकोणीस. पोरंपोरी माझ्याकडे बघायची सोडून पेल्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडण्याआधीच मला घाम फुटायचा. कंपनीत बारा जणांची लाइन चालवणारी मी, इथे पुन्हा दातखीळ.

तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. सर उठले, ते फडक्यानं पुसलं आणि तेच वाक्य जरा वेगळ्या क्रमानं स्वतः लिहिलं. एकतीस जणांसमोर. माझा राग आईच्या वळणावर गेलेला आहे, लवकर येतो आणि लवकर जात नाही. मी खडू टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि घरी निघून आले. म्हटलं, ज्याचा टांगा त्यानं हाकावा.

चार दिवस मी गेलेच नाही. विलासचा फोन आला, "ताई, एकतीसचे नऊ झाले. या ना वं." मी म्हटलं, सरांना सांग. तो म्हणाला, सरांना कोण सांगणार?

पाचव्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरले तर थांब्यावर काकू उभ्या. हातात भाजीची पिशवी, पण पिशवीत भाजी नव्हती.

"काहून येत नाही वं?" त्यांनी एकदम विचारलं.

"काकू, ते मले बोलूच देत नाही. मंग मी कायले पाहिजे तिथं?"

"मले माहीत नाही का? चाळीस वर्षं झाली मी आयकून राहिली." काकूंनी पिशवीतून एक कागद काढला. सरांच्या अक्षरात एकच ओळ होती, 'सोमवारी ती नाही आली तर दारावरची पाटी उतरवतो.' काकू म्हणाल्या, "हे रोज सहाले खोली झाडते. साडेसहाले बसते. पोट्टे येतात, बसतात, जातात. तो पेला वाजवत नाही, काही नाही. पाटी उतरली ना बाई, तं हा माणूस बी उतरला म्हणून समज. त्याच्याजवळ दुसरं काय आहे?" मग डोळे पुसून म्हणाल्या, "अन् घरात रिकामा बसला तं मले घोडं करन, ते येगळंच."

मी हसले. राग मात्र होताच, तो पोटात घेऊनच सोमवारी गेले.

नऊ जण बाकांवर होते. सर खुर्चीवर, पेला समोर. मी आत गेले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मी फळ्याकडे न जाता भिंतीकडे गेले आणि खिळ्यावरून चंद्रीचे पट्टे काढले. सरांखेरीज ते कुणी कधी काढलेले नव्हते.

मी म्हणाले, "सर, आज तुम्ही घोडं व्हा."

विलास अर्धवट उठला. "ताई, जाऊ द्या ना."

"काहून जाऊ द्या? आधी घोडं, मंग टांगेवाला. नेम कोणाचा आहे?"

इतक्या वर्षांत किती माणसं सरांनी त्या खोलीत फिरवली असतील, पण या टोकाला ते कधी आले नव्हते, हे त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं. त्यांनी चमचा पेल्यात ठेवला. उठले. पट्ट्यांची टोकं मुठीत घेतली आणि डोळे मिटले. मागून त्यांची मान दिसत होती, बारीक झालेली, बाजूला गळ्याकडून आलेली ऑपरेशनची खूण.

मी पट्टे ताणून धरले आणि आम्ही चालायला लागलो. दोन पावलं, तीन पावलं. सर अडखळत होते, खांद्यात आखडत होते. मला वाटलं, बघा आता कसं वाटतं. मग त्यांच्या मुठींकडे लक्ष गेलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. पट्टे माझ्या बाजूनं तारेसारखे ताणलेले होते. घाबरलेला माणूस ओढून धरतो असं सरांनी सांगितलं होतं. रागावलेलाही तेच करतो, हे मला त्या खोलीच्या मधोमध कळलं. शरमेनं माझे कान तापले.

मी हात सैल सोडले. पट्टे हातातच ठेवले, फक्त सैल केले. सरांचे खांदे खाली आले. त्यांनी मान जराशी पुढे केली आणि चालायला लागले. खांबापाशी डाव्या पट्ट्याला नुसता स्पर्श केला, वळले. बाकांच्या मधून, शिवणयंत्राच्या शेजारून, खिडकीपर्यंत आणि परत. कुठेही ठेचकाळले नाहीत. दाराशी काकू पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

शेवटच्या बाकापाशी मी दोन्ही पट्टे हलकेच ओढले. सर थांबले. आणि ठरलेला प्रश्न तोंडातून आला, "सर, तोंडाले लागलं का?"

पाटी त्यांच्या हातात नव्हती. डोळे त्यांनी उघडले नाहीत. त्या खरखरीत आवाजात, त्यांच्या वाट्याला आलेल्या दोन वाक्यांत ते म्हणाले, "नाही वं. चंद्रीले लागलं होतं."

मला रडू आवरलं नाही, आणि मी आवरलंही नाही. इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते मला येतं, पण त्या वेळी उपयोग नव्हता. सरांनी डोळे उघडले, पट्टे माझ्या हातातच राहू दिले आणि समोरच्या शेवटच्या बाकावर, विलासच्या शेजारी, सरकून बसले. विलास एवढा दचकला की त्यानं उठून जागा दिली आणि मग लक्षात आल्यावर परत बसला. काकूंनी येऊन पेला आणि चमचा स्वयंपाकघरात नेला.

मी डोळे पुसून फळ्याकडे गेले. त्या दिवशी मी निदान दहा चुका केल्या असतील. एकदाही टण् झालं नाही.

आमच्या वर्गात हजेरी घेत नाहीत, वही बाकांवरून फिरते आणि ज्यानं त्यानं आपलं नाव लिहायचं असतं. त्या संध्याकाळी वही शेवटच्या बाकावरून माझ्याकडे परत आली तेव्हा नऊ नावांखाली दहावं नाव होतं, सरांच्या वळणदार अक्षरात. आता वर्गात पुन्हा सत्तावीस जण आहेत, पाटी दारावर आहे, आणि त्या दहाव्या नावाचा अजून एकही खाडा नाही.